भैरूचं वजन

सोमवार, सकाळचे साडेअकरा. पेणमधला जनावरांचा दवाखाना. काट्यावर आमचा भैरू, एकोणीस किलो दोनशे ग्रॅम. हजर मी, माझी पत्नी सुनंदा आणि डॉक्टर मॅडम. चार महिन्यांपूर्वी हाच कुत्रा एकतीस किलोचा होता.

रक्ताचा अहवाल मुंबईहून आला होता. "एक्सोक्राइन पॅन्क्रिएटिक इन्सफिशियन्सी," मॅडम म्हणाल्या आणि मग सोपं करून सांगितलं. अन्न पचवणारे रस स्वादुपिंडात तयार होतात. भैरूचे ते जवळजवळ बंद झाले होते. पोट भरत होतं, अंगी काही लागत नव्हतं.

आम्ही रोह्याजवळ वरसे गावात राहतो. भैरू अल्सेशियन, साडेतीन वर्षांचा. चार महिने तो दुप्पट खात होता आणि वाळत होता. दिवसातून सात-आठ वेळा पिवळट, तेलकट शी. शेजारचे काका फाटकातून म्हणायचे, "काय हो, कुत्र्याला चतुर्थ्या धरायला लावल्यात काय?" आम्ही दोनदा जंताचं औषध दिलं. कुणाच्या घरी असं दिसलं तर त्यांनी जंतांवर थांबू नये. बारा तास उपाशी ठेवून टीएलआय ही रक्ततपासणी करून घ्यावी.

उपाय होता. दर जेवणात पाचक रसांची पूड आणि आठवड्याला बी-बाराचं इंजेक्शन. सुनंदा भैरूला घेऊन बाहेर गेली तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "अन्न कोमट झालं की पूड मिसळा, वीस मिनिटं ठेवा, मग द्या." धाटावच्या कंपनीत मी मीटरचे आकडे उतरवतो. घरी येऊन फ्रिजवर कागद चिकटवला: पूड दोन चमचे, थांबणे वीस मिनिटे, जेवण तीन वेळा.

जेवण घालायचं काम माझ्या आईकडे. दारच्या जनावरालाही गार अन्न घालायचं नाही, ही तिची रीत. गॅसवरून उतरलेल्या वाफाळत्या पेजेत ती पूड घालायची आणि घड्याळाकडे बघत बसायची. भैरू समोर लाळ गाळत असायचा. "थांब रे बाबा, अजून सात हायत," ती त्याला सांगायची.

दर रविवारी मी त्याला उचलून काट्यावर उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो. साडेअठरा, मग सतरा-नऊशे. सहाव्या रविवारी पंधरा-सहाशे.

पुन्हा पेण गाठलं. मॅडमनी सगळं विचारून शेवटी विचारलं, "पूड घालता तेव्हा अन्न किती गरम असतं?"

"उकळतं," सुनंदा म्हणाली. "आई गरमच वाढतात."

मॅडमनी मग सांगितलं: उष्णतेनं पूड निकामी होते. सहा आठवडे आम्ही त्याला नुसता भात घातला होता. मी तिथं काही बोललो नाही. घरी सुनंदानं आईला पूड कोमट झालेल्या पेजेतच घालायला सांगितलं, कारणही सांगितलं. तेव्हाही मी गप्प राहिलो. ज्यांना ही पूड द्यावी लागेल त्यांनी घरात जेवण घालणाऱ्या माणसाला डॉक्टरांकडे सोबत न्यावं.

पुढच्या बारा दिवसांत शी घट्ट झाली. वजन सोळा-शंभर. आता सावरतो असं वाटलं. मग न्यूमोनिया झाला आणि त्याच्या अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी पडवीत तो गेला.

पहिल्या दिवसापासून नीट दिलं असतं तर, असं मी मॅडमना विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आई दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सुनंदाला म्हणाली, "माझ्या हातून गेला गो तो."

तेव्हा मी सांगितलं. कोमट करून घालायचं हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. त्यात आकडा नव्हता, म्हणून माझ्याकडून लिहायचं राहिलं.



"दुसऱ्यांदा पेणहून आलास त्याच दिवशी का नाय बोललास?" आई म्हणाली. "लाजेनं त्या दिवसापासून मी त्याच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नाय रे."