गाजरांचा भालदार

जव्हारचं संस्थान विलीन झालं आणि राजवाड्याच्या भालदाराचं, नवसूचं, काम गेलं. उभं राहायची सवय मात्र गेली नाही. सरकारनं मग त्याला नव्या प्रयोगशाळेत तात्पुरतं नेमलं. तिथं राखायचं काय, तर काचेच्या बाटल्यांत ठेवलेले गाजराचे बारीक तुकडे. नवसूनं जन्मात गाजर खाल्लं नव्हतं, तरी रोज सकाळी तो बाटल्यांच्या कपाटाला मुजरा करायचा. हसायचं तर खुशाल हसा, पण तिथं बाटल्या धुण्याचं काम माझं होतं आणि मला तो माणूस फार आवडायचा.

प्रयोगशाळेचे सावे डॉक्टर या तुकड्यांपासून अख्खी रोपं करू पाहत होते. साखर आणि क्षारांच्या मिश्रणात तुकडे नुसते पडून राहत. यीस्टचा अर्क घातला तरी ढिम्म. नारळाचं पाणी घातलं की मात्र बाळसं धरत. पण जव्हारात नारळ यायचा डहाणूहून, आणि त्या आठवड्यात त्या रस्त्यावर दरड कोसळली. एकच नारळ उरला. तो सावेंनी नवसूच्या ताब्यात दिला.

नेमके तेव्हाच ठाण्याचे साहेब उद्घाटनाला आले. म्हणजे नारळ फोडणं आलंच. शिवाय नवसूला कायम करायच्या कागदावर सही याच साहेबांची व्हायची होती. सावे त्याच्या कानाशी म्हणाले, देऊन टाक बाबा. नवसूनं नारळ दिला, पण खाली पातेलं धरलं. साहेबांनी नारळ फोडला, पाणी पातेल्यात पडलं, आणि सगळी कचेरी तीर्थासाठी हात पुढे करून सरकली. नवसूनं भाला आडवा घातला. साहेबांचा हातही कोरडाच राहिला.

साहेब आधी लाल झाले, मग हसत सुटले. असा माणूस आपल्या बंगल्याच्या दारात हवा, म्हणाले. ठाण्याला चल, आजच कायम करतो. इथली जागा मात्र रद्द, गाजरांना कशाला हवाय पहारेकरी?

नवसूनं कपाटाकडं पाहिलं.

"तुमाला तहान लागली त तुमी मागाल, साहेब. यांना मागता येत नाय."

कागद सहीविना परत गेला आणि नवसू मोखाड्याकडच्या आपल्या नागलीच्या शेतावर. मला साहेबांचा भयंकर राग आला होता. सावेंनी ते पाणी उकळून, गाळून बाटल्यांत घातलं. काही आठवड्यांनी एका तुकड्याला हिरवा कोंब फुटला.

बाजाराच्या दिवशी नवसू भाला घेऊन आला. कोंबाला मुजरा केला आणि सावेंना दरडावून विचारलं, आज पाणी दिलंत ना?