आत्याच्या गाडीचं तेल

आमच्या आत्याला कुणी ‘जमणार नाही’ म्हटलं, की ती आधी त्या माणसाला चहा पाजायची आणि मग तेच करून दाखवायची. डावा पाय लहानपणीच पोलिओनं लुळा केलेला, म्हणून तिनं बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. जुनीच, पण स्वतःची. अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरच्या वावरात एकटी जायची आणि डिक्कीत झेंडूची पोती कोंबून परत यायची. ड्रायव्हर ठेव म्हटलं की भडकायची. ‘‘त्याच्या सवडीनं मी काहून जाऊ वं? वावर माहं हाये!’’

मग गाडी झटके देऊ लागली. वर्कशॉपवाला म्हणाला, या गिअरबॉक्सचं तेल जन्मभराचं, ते बदलत नसतात. गिअरबॉक्सच नवा टाका, नाहीतर गाडी विका. आत्यानं विचारलं, ‘‘जल्मभर मंजे कोनाचा जल्म? गाडीचा का माहा?’’

तिचा मुलगा, आमचा पुण्याचा दादा, विकायच्याच बाजूचा. रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो म्हणाला. काळजी होती हो त्याला, नाही कशाला म्हणू? पण त्या काळजीपायी आत्यानं घरात बसून राहायचं, हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

आत्यानं अंगणात खड्डा खणून घेतला आणि दोन्हीकडची चाकं काठांवर ठेवून गाडी त्याच्यावर उभी केली. शेजारीण कुंपणावरून ओरडली, ‘‘आत्याबाई, हे काय करून राहिल्या?’’

‘‘तेल बदलून राहिलो बाई. या पाहाले!’’

काठावर बसून घसरत ती स्वतःच खाली उतरली. मी वरून पाना दिला, तर खालून हुकूम आला, ‘‘आधी वरचं, भराचं झाकण सुटते का ते पाह्य. खालचं खोलून बसलो अन् वरचं सुटलंच नाही, त भरशीन कुठून?’’ कुठल्याही कामात तिची हीच रीत. मग खालून काळंकुट्ट, जळका वास मारणारं तेल आलं. ते तिनं एका जुन्या मापानं मोजलं आणि तेवढंच नवं, लालभडक तेल मला भरायला लावलं. एका खेपेत जुनं सगळं निघत नाही, म्हणून गाडी फिरवून शनिवारी पुन्हा तोच घाट घातला. झटके गेले. एखादा राहिला, तो तिनं चालवून घेतला.

रविवारी दादा गिऱ्हाईक घेऊन हजर. आत्यानं गिऱ्हाइकाला चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, तुमाले फुकट चक्कर पडली. गाडी विकाची नाही.’’

‘‘आई, किती हट्ट करशील?’’ दादा चिडला.

‘‘झेंडू तोडाचा हाये रे. आल्यावर भांडू,’’ म्हणत तिनं गाडी फाटकाबाहेर काढली. मी तर टाळ्याच वाजवल्या!

पुढं कितीतरी हंगाम तिनं ती गाडी हाकली. मग एकदा मला घेऊन वावरातून येताना तिनं मध्येच गाडी कडेला घेतली. समोरचा सायकलवाला तिला फार उशिरा दिसला होता. तिनं गाडी बंद केली. नंतर खाली उतरली, लंगडत माझ्या बाजूला आली आणि दार उघडलं.

‘‘सरक तिकडं. आजपासून तू चालव.’’

मला रडू फुटलं. दादाला कळवू का, म्हणून विचारलं.

‘‘कळव ना,’’ आत्या म्हणाली. ‘‘पन सांगजो, कोनी काढून नाही घेतली. मीनं सोडली.’’