ळ शिकवताना

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एका छोट्या मराठी शाळेत मी पहिलीचा वर्ग घेते. अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी, अशी माझी पद्धत. हातात कार्ड धरायचं, जीभ कुठे लागते ते दाखवायचं आणि मुलांकडून तो आवाज काढून घ्यायचा. हे काम मला छान जमतं, असं मी समजत होते.

दोन वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. आईवडील भिवापूरकडचे, वडील बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात. मुलगी इतकी चुणचुणीत की कार्ड पुरतं वर व्हायच्या आत तिचं उत्तर यायचं. दिवाळीआधी आम्ही ळपर्यंत पोचलो. मी 'बाळ' लिहिलेलं कार्ड धरलं. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाय!"

पुढच्या दोघींनी हात हलवून "बाय बाय" केलं. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

त्यानंतर मी केलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. रोज सकाळी तिला फळ्याजवळ उभं करून मी 'बाळ, डोळा, शाळा' म्हणवून घ्यायला लागले. चुकलं की पुन्हा. तिच्या भल्यासाठीच चाललंय, अशी माझी खात्री होती. आठवड्याभरात तिने हात वर करणं सोडलं. मी तिच्या वहीत शेरा मारला, 'लक्ष देत नाही.'

तो शेरा पाहून तिची आई भेटायला आली. मुलं घरी गेली होती. बाई दारातच उभी राहिली.

"मॅडम, ते एक अक्षर मले बी शिकवून द्या न."

"तुम्हाला? कशाला?"

"पोरगी घरी बोलूनच नाही राहिली. मी म्हटलं, काहून वं? तं म्हणते, आई, तू शायेत नको येऊ. तुले ते अक्षर म्हणता येत नाही, सगये हसतील."

ती हे रागाने बोलली नाही. खरंच शिकायला आली होती. मी तिला बाकावर बसवलं, जीभ मागे वळवून दाखवली. तिने चार-पाच वेळा प्रयत्न केला, मग पदराने तोंड झाकून हसली. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

कारण माझी आईही डोळ्याला 'डोया'च म्हणते. आमचंही घर शेतकऱ्याचं, भिवापूरकडच्याच एका खेड्यातलं. कॉलेजसाठी नागपूरला आले तेव्हा होस्टेलच्या मुली माझ्या 'काया' आणि 'पिवया'वर हसल्या होत्या. महिनाभर न्हाणीघरात दार लावून मी ळ घोटला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी हसले.

हे त्या बाईला सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. "ताई, काळजी करू नका, होईल सगळं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "माझी आई डोळ्याला डोया म्हणते. लिहिताना डोळा, घरी डोया. दोन्ही बरोबर." मुलांना गंमत वाटली. दिवसभर वर्गात 'फया, शाया' चाललं होतं. ती तेवढी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसली. तिला मी जवळ घेऊन 'चुकलं माझं' म्हणायला हवं होतं. लहान मुलीला काय सांगायचं, म्हणून राहूनच गेलं.

स्नेहसंमेलनात तिने माइकवर एक उतारा वाचला. प्रत्येक ळ स्वच्छ, जरा जास्तच जोर देऊन. टाळ्या पडल्या. आई आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती. मी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं, "ताई, कसं वाटलं?"

तिने आधी मुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. तोंडातून शब्द काढला नाही.

वर्ष संपल्यावर ते बुटीबोरीलाच राहायला गेले. दाखला न्यायला वडील एकटेच आले होते.