राणीच्या बागेतली माळीण

मनकर्णाबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पोथी वाचणारा कुठं चुकला हे ती मांडीवरची मेथी निवडता निवडता सांगायची.

"मागं चला, नत्थुजी. राणीनं आधी पाणी मागतलं, मंग रडली."

नत्थुजी शिंपी पान समईजवळ नेऊन बघायचा. "बरोबर हाये बाई. ओळ सुटली होती."

तिचं माहेर अकोल्याचं. मोर्णेच्या काठी बापाची वांग्या-मिरच्यांची वाडी होती आणि बापाला गोंधळाचं वेड. कुणाचं लग्न झालं, कुणी गोंधळ मांडला, की तो दिवसभर मोट हाकून आलेला माणूस तोंडावर पाणी मारायचा आणि लेकीला खांद्यावर घेऊन निघायचा. बोलावणं असो नसो. अकोल्यात तेव्हा एक म्हातारा गोंधळी होता. हवा दमट असली की तो संबळ निखाऱ्यावर शेकायचा. लोक चुळबुळ करायचे, कुणी म्हणायचं, "अगा, भाकरी भाजून राहिला काय?" पण त्याला घाई नसायची. मग पहिली थाप पडली की ती मनकर्णेला कानात नाही, पोटात ऐकू यायची. तेव्हा ती सात वर्षांची होती. पुढं जन्मभर तिनं कुठलाही संबळ ऐकला तरी त्या संबळाशी ताडून पाहिला आणि बहुतेक वेळा "बरा हाये" एवढंच म्हणाली.

कीर्तनात तिला सुरुवातीच्या निरूपणाला झोप यायची आणि गोष्ट सुरू झाली की जाग यायची. दंडारीतली सोंगं आवडायची, पण राजा झालेला माणूस मधेच तंबाखू मळायला लागला की ती चिडायची. सगळ्यांत आवडती मात्र पोथी, आणि तीही एकच. गावात तिला राणीची पोथी म्हणत.

सासर चांदूर बाजाराजवळच्या खेड्यात. नवरा गोवर्धन, त्याची विहिरीखालची भाजीची आणि झेंडूची जमीन. गावच्या मारुतीपुढं श्रावणभर संध्याकाळी ही पोथी लागायची. वाचणारा नत्थुजी. पोथी त्याच्या आज्यानं हातानं लिहिलेली, सुटी पानं, दोन फळ्यांमधे घालून तांबड्या फडक्यात बांधलेली. नत्थुजी एकतारीवर ओवी म्हणायचा आणि मग आपल्या बोलीत अर्थ सांगायचा.

पाचव्या अध्यायात राजा राणीवर खोटा आळ घेतो आणि तिला बागेतल्या कोठीत डांबतो. अन्न नाही, पाणी नाही, बाहेर शिपाई. तेव्हा त्या बागेला पाणी देणारी माळीण पाट थोडा जास्त फोडते. पाणी भिंतीखालून आत जातं आणि राणी ओंजळीनं पिते. बोललं तर शिपाई ऐकेल, म्हणून माळीण मोटेवर गाणं म्हणते आणि गाण्यातून राणीला खबर देते, की तुझं बाळ आज उभं राहिलं, आज दोन पावलं टाकली. राणी भिंतीआडून विचारते, बाई तुझं नाव काय? माळीण गाण्यातच सांगते, नाव सांगितलं तर शिपाई ऐकेल.

ही ओवी नत्थुजी फार सावकाश म्हणायचा. माळ्यांच्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. मनकर्णाबाई लग्न होऊन आली त्या श्रावणात तिनं हे पहिल्यांदा ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी खुडलेलं पहिलं फूल ती देवीच्या शेंदूर लावलेल्या तांदळ्यावर त्या माळणीच्या नावानं वाहू लागली. देवीपुढंच, पण त्या माळणीच्या नावानं. तिची दुसरी लेक अकरा दिवसांची होऊन गेली, तेव्हा महिनाभर तिला देवीशी काही बोलावंसं वाटेना. माळणीशी मात्र ती बोलली. फूल एक दिवस चुकलं नाही. अशी चौदा वर्षं झाली.

मग दूर साहेबांच्या मुलखात कुठंतरी लढाई लागली आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला. अमरावतीच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, कुणी नुसतंच घातल्याचं सांगितलं. गोवर्धननं भाजी सोडली नाही. तो म्हणायचा, "सारे कापूस पिकवून राहिले, तं जेवतील काय? सरकी?"

कापूस आला तशी त्याला पोती लागली, आणि पोती शिवायला शिंपी लागले. नत्थुजी अमरावतीला गेला. बंड्या शिवण्यापेक्षा बारदान शिवण्यात चार घास जास्त होते. पोथी त्याच्या घरची. ती त्याच्याबरोबर गेली.

श्रावण तोंडावर आला, पण मारुतीपुढं पोथी नाही. गावचे शेतकरी खुशालराव कापूस विकून अकोल्याहून येत होते, ते राणीचीच छापील पोथी घेऊन आले. पारावर ती उघडली तेव्हा पहिला वाद शाईवरून झाला. छापायच्या शाईत चरबी असते असं कुणीतरी ऐकलं होतं.

"विकणाऱ्यानं शपथ घेतली," खुशालराव म्हणाले. "शाईत तूप हाये तूप."

मनकर्णाबाईची मोठी जाऊ दुर्गाबाई पुढं झाली आणि तिनं पानाचा वास घेतला. "तूप असंल तं बाप्पा म्हशीचं नाई. जवसाच्या तेलासारखं काहीतरी येऊन राहिलं." पण शपथ घेतली होती म्हणून पोथी लागली. वाचायला बसला पुंजाराम गुरव. माणूस सरळ. जे दिसेल ते वाचायचा, अक्षरावर बोट ठेवून, ना कमी ना जास्ती.

पाचवा अध्याय आला. राजानं आळ घेतला, राणीला कोठीत घातलं. मनकर्णाबाईनं मेथी बाजूला ठेवली. राणीनं देवीचा धावा केला. भिंत दुभंगली. अध्याय संपला.

"मागं चला, पुंजाराम," ती म्हणाली. "माळीण राहिली."

"थे मोटेवरची काय?"

"पाणी देनारी."

पुंजारामनं मागची पानं पाहिली, आकडे पाहिले. "आकडे लागोपाठ हायेत बाई. माळीण नाई."

"पान गळलं असंल."

"गळालं असतं तं आकडा गळाला असता."

दुर्गाबाई, जिला गप्प बसणं म्हणजे दुखणं, ती म्हणाली, "मंग चवदा वर्सं फुलं कोणाले वाहून राहिली वं मनकर्णे? शिंप्याच्या सुईले?"

बाया हसल्या. मनकर्णाबाई हसली नाही. घरी येऊन तिनं चूल पेटवली, भाकरी केल्या, गोवर्धनला वाढलं. स्वतः जेवली नाही. दुर्गाबाईचं बोलणं तिला लागलं नव्हतं, त्यातला प्रश्न लागला होता. माळीण पोथीत असेल तर फुलं पोचली. नसेल, तर चौदा वर्षं ती कुणाशी बोलत होती? सकाळी फूल खुडलं आणि हातात धरून ती तुळशीपाशी उभी राहिली. शेवटी तिनं ते देवीला वाहिलं, पण कुणाचं नाव घेतलं नाही. भादवाभर असंच चाललं.

दसऱ्याला दरसाल गोवर्धन झेंडूची गाडी घेऊन अमरावतीला जायचा. त्या साली ती म्हणाली, "मी येतो."

"कायले? हाल होतील."

"नत्थुजीले भेटाचं हाये."

गोवर्धननं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि गाडीत जास्तीचं गवत अंथरलं.

अष्टमीच्या सकाळी ते पोचले. अंबादेवीच्या वाटेवर झेंडूचा ढीग मांडला, दुपारपर्यंत बराचसा उठला. मग विचारत विचारत ती कापसाच्या आवारात गेली. सरकीचा वास, हवेत तंतू, आणि छपराखाली सात-आठ जण दाभणानं पोती शिवत होते. नत्थुजीच्या भुवयांवर कापूस बसला होता. तिला वाटलं, माणूस म्हातारा झाला. मग लक्षात आलं, कापूस आहे.

"मनकर्णाबाई! तुमी कुठी इकडं?"

"पाचवा अध्याय काढा."

नत्थुजीनं दाभण पोत्यात खोचलं. पेटीतून पोथी काढली, हात धुऊन आला, फडकं सोडलं. पान तिच्यापुढं धरलं. तिला अक्षरं काळी दिसत होती, एवढंच.

"माळीण दाखवा. कुठी हाये थे बोट ठेवा."

नत्थुजीनं बोट ठेवलं नाही.

"पोथीत नाई बाई. मीच घातली."

"काहून?"

"पहिल्या सालची गोठ. मी इकडं वाचून राहिलो, अन् तुमच्या माळ्यायच्या बाया डुलक्या घेऊन राहिल्या. दिवसभर वाफे भिजवून आल्या होत्या, त्यायचा तरी काय दोष? मनात आलं, राणी बागेत हाये, तं बागेले पाणी देनारी कोणी असंलच ना! घातली एक माळीण. बाया जाग्या झाल्या. मंग काढता येईना."

"अन् कोष्टीपुऱ्यात वाचता तवा?"

तो ओशाळला. "तठी कोष्टीण हाये. भिंतीवरून लुगडं टाकते."

"अन् कुंभारायच्या घरी?"

"आता इचारू नका."

शेजारचा शिंपी फिसकन हसला. मनकर्णाबाई उठली. "चवदा वर्सं मी तिले फूल वाहतो, नत्थुजी. पोर गेली तवा तिच्यापाशी रडली मी. अन् तुमी झोप मोडासाठी तिले घातली."

नत्थुजीनं पान फळीवर ठेवलं. "मले हे ठाऊक नव्हतं बाई. मले पाप लागलं काय?"

"थे मले काय ठाऊक," ती म्हणाली आणि निघाली.

त्या रात्री देवळाजवळ एका तेल्याच्या घरचा गोंधळ होता. गोवर्धनला झोप आली होती, पण बायकोचं तोंड पाहून तो म्हणाला, "चाल, थोडं ऐकू. संबळ बरा वाटून राहिला."

संबळ खरंच बरा होता. गोंधळी देवांना नावं घेऊन बोलावत होता, गावोगावच्या देवी, मग डोंगरातले, नदीतले देव. त्याची एक रीत होती. सगळे बोलावून झाले की तो हात थांबवून बसलेल्यांना विचारायचा, "कोणी राहिलं काय? ज्याच्या घरचं असंल त्यानं सांगा. मागून म्हणू नका, आमाले बोलावलं नाई." लोक ओरडून सांगायचे. कुणी बांधावरच्या साती आसरा सांगितल्या, कुणी निंबाखालचा मुंजा, तेल्याच्या म्हातारीनं घाण्यापाशी शेंदूर लावलेला दगड सांगितला. गोंधळी कुणालाच विचारत नव्हता, की हे कुठल्या पोथीत आहे.

"राणीच्या बागेतली माळीण!"

बायांमधून आवाज आला. गोवर्धननं वळून पाहिलं तर आवाज त्याच्याच बायकोचा. चार परक्या माणसांत ती कधी मोठ्यानं बोललेली त्याला आठवत नव्हती.

"गाव कोणतं?" गोंधळ्यानं विचारलं.

मनकर्णाबाई अडखळली. मग तिनं आपल्या गावाचं नाव सांगितलं. गोंधळ्यानं संबळावर हात टाकला आणि त्या गावच्या राणीच्या बागेतल्या माळणीला, आसरांच्या आणि घाण्यावरच्या दगडाच्या रांगेत, गोंधळाला ये म्हणून हाक मारली. हाक इतरांइतकीच लांब होती. मनकर्णाबाईनं हात जोडले आणि मग मोकळी रडली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी ती आवारात जाऊन नत्थुजीला एवढंच सांगून आली, "पाप-बीप काही नाई. पोती नीट शिवा."

गावी परतल्यावर दुर्गाबाई वेशीतच भेटली. "सापडली काय वं माळीण?"

"सापडली."

"पोथीत?"

"पोथीत नाई. शिंप्यानं आपल्या डोक्यातून काढली."

"मंग?"

"मंग काय? त्याच्या डोक्यात कोणं घातली? पाण्याले चला, घागर रिकामी हाये."

दुसऱ्या दिवशी फूल पुन्हा माळणीच्या नावानं गेलं. पुढच्या श्रावणात पुंजारामनं पाचवा अध्याय वाचून पोथी फडक्यात बांधली, आणि मनकर्णाबाई म्हणाली, "आता जे सांगतो थे पोथीत नाई. नत्थुजी शिंप्याचं हाये. ज्याले जाचं त्यानं जावं." कुणी गेलं नाही. पुंजारामही बसला. पोथीचं आणि बाहेरचं वेगळं ठेवलं, तर त्याची हरकत नव्हती.

पुढं लढाई संपली आणि कापसाचा भाव उतरला, म्हणून पोत्यांचं काम आटलं. नत्थुजी आपली पेटी घेऊन गावी आला. श्रावणात गावानं त्यालाच बसवलं. त्यानं हातची पोथी उघडली, पाचवा अध्याय आहे तेवढाच वाचला आणि एकतारी खाली ठेवून म्हणाला, "बाई, सांगा."

मनकर्णाबाईनं सांगितलं. पाट फोडला, गाणं म्हटलं, बाळ चाललं. मग विहीर आटली, तेव्हा माळणीनं विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरलं आणि भिंतीखालच्या भोकातून ओतलं.

नत्थुजी मान वर करून म्हणाला, "बाई, हे विहीर आटल्याचं मी नव्हतं घातलं."

"परसाली आमची आटली होती," मनकर्णाबाई म्हणाली. "चला, सहावा वाचा."