फीत क्रमांक २११७

ओरेस्तेस पिरिस यांच्या खोलीत दोन लाकडी कपाटे होती. एकावर ‘चालू’ अशी पाटी, दुसऱ्यावर ‘बंद’. मोन्तेविदेओच्या त्या रेडिओवरून जो जो कार्यक्रम देशभर गेला, त्याचे कार्ड या दोहोंपैकी एका कपाटात असे: नाव, पहिले प्रसारण, शेवटचे प्रसारण, आवाज कोणाचा, फीत कुठे. कार्यक्रम संपला की पिरिस त्याचे कार्ड स्वहस्ते एका कपाटातून दुसऱ्यात नेत. त्या दिवशी ते काळा टाय बांधून येतात, असे लोक थट्टेने म्हणत. थट्टा होती खरी, पण टायही खरा होता.

अठ्ठावीस वर्षांत एक हजार नऊशे चार कार्डे झाली. त्यांतले एकच अपुरे राहिले होते, म्हणून अजून ‘चालू’ कपाटातच होते.

ते ‘निरोप’ या कार्यक्रमाचे. आडबाजूच्या शेतवाड्यांवर टेलिफोन पोचला नव्हता त्या काळी रोज दुपारी पाऊण वाजता लोकांचे निरोप वाचले जात. ‘मेलोजवळच्या अगुस्तो यांस: आईची शस्त्रक्रिया नीट पार पडली. गुरुवारच्या गाडीवर घोडा पाठवावा.’ सतरा वर्षे हे निरोप नील्दाने वाचले. नील्दा म्हणजे पिरिसांची पत्नी. असल्या कार्यक्रमाची फीत कोण ठेवतो? बोलून झाले की वाऱ्यावर. तिचा अखेरचा भाग तेवढा ध्वनिमुद्रित झाला होता. फीत क्रमांक २११७.

पुढच्या मार्च महिन्यात नील्दा वारली. दफनभूमीतून परतताना पिरिसांनी वाल्देमारचा हात धरला होता. वाल्देमार एचेनिके हा फीत-भांडाराचा प्रमुख, आणि त्यांचा तरुणपणापासूनचा मित्र.

“ती फीत जप, वाल्देमार. घरात तिचा आवाज कुठेच नाही.”

“डोळ्यांत तेल घालून जपीन,” वाल्देमार म्हणाला होता.

सप्टेंबरात तिकडचा हिवाळा सरला, मन थोडे थाऱ्यावर आले, तेव्हा पिरिस ती ऐकायला गेले. फीत जागेवर नव्हती. “कोणीतरी भलत्याच फळीवर ठेवली असेल लेका, जाते कुठे!” वाल्देमार म्हणाला. तेव्हापासून दर मार्चमध्ये, नील्दाच्या तिथीला, दोघे भांडारात शिडी लावीत. वाल्देमार वर चढे, खोके काढून देई. पिरिस खाली उभे राहून एकेक उघडून पाहत. अशी वीस वर्षे गेली.

यंदा रेडिओची सारी सूची ग्रंथरूपाने निघणार होती. शुक्रवारी कार्डे छापखान्यात जायची होती. सोमवारी नेहमीप्रमाणे वाल्देमार बगलेत थर्मास आणि हातात येर्बाच्या कडू काढ्याचा तुंबा घेऊन आला. स्पेनहून नवी यंत्रे बसवायला आलेली मार्गा नावाची बाई तिथेच बसली होती. आपली पाळी येताच तिने नळीने काढा ओढला आणि तुंबा परत देत म्हणाली, “आभारी आहे.”

वाल्देमार खो खो हसला. “झालं! बाई, आता तुम्हांला एक थेंब मिळायचा नाही. आमच्याकडे आभार मानले म्हणजे ‘पुरे झालं, उद्यापासून मला धरू नका’ असा अर्थ! ह्या म्हाताऱ्याला बघा. चाळीस वर्षं माझ्या हातचं पितोय, एकदा तरी आभार मानलेत का?”

“मानण्याजोगा काढा कधी केलास?” पिरिस म्हणाले.

“हा कृतघ्न! आणि माझ्या अकॉर्डियनच्या कार्यक्रमाला किती ओळी देतोय ग्रंथात?”

“जेवढ्या इतरांना तेवढ्याच.”

त्या अकॉर्डियनचेच कार्ड त्या दुपारी तपासायचे होते. वाल्देमार दर रविवारी तो कार्यक्रम सादर करी. तीनशे बारा भाग, तीनशे बारा फिती. एकही गहाळ नाही. इतकी निर्दोष नोंद पाहून पिरिसांना समाधान वाटले आणि शिस्तीप्रमाणे त्यांनी ती सामानाच्या कोठीतल्या चोपड्यांशी ताडून पाहायचे ठरवले. कोऱ्या फितींचा तुटवडा असे तेव्हा जुनी फीत पुसून पुन्हा वापरीत. त्यासाठी भांडारप्रमुखाने पत्रक भरायचे. मूळ प्रत फितीच्या खोक्यात, कार्बन प्रत कोठीत. कोठीकडे वीस वर्षांत कोणी फिरकले नव्हते. कारण पुसलेल्या फितींची मूळ पत्रके भांडारात होतीच.

एप्रिल १९७९ च्या चोपडीत, २ तारखेच्या कार्बन प्रतीवर, निळसर अक्षरे होती. ‘पुसण्यास योग्य: २११७. कारण: रविवारचा फुटबॉल सामना.’ खाली वाल्देमारची ती ऐटबाज, शेपूट काढलेली सही.

दफनाला त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

पिरिसांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. मग फळीचा नकाशा काढला. २११६ आणि २११८, दोन्ही अकॉर्डियनच्या फिती. त्याने हात लांबवला होता तेव्हा दोन्ही बाजूंना स्वतःचा बाजा होता. मधलीच उचलली होती.

दुसऱ्या दिवशी वाल्देमार आला तेव्हा चोपडी टेबलावर उघडी होती. तो तुंब्यात पाणी ओतत होता; हात थांबला. “कोठीत गेलास तू?”

“शिस्त आहे.”

“ओरेस्तेस, ऐक. कोरी फीत नव्हती. संचालक डोक्यावर उभा. घाईत हाती आली ती...”

“दोन्ही बाजूंना तुझ्या होत्या.”

वाल्देमार खुर्चीत बसला. “मला वाटलं, तू ऐकणारच नाहीस. माणसं म्हणतात फक्त. मग तू आलास विचारायला. तेव्हा कसं सांगू?”

“शिडीवर चढायचास. वीस वर्षं. वरून खोकी द्यायचास.”

“तुला बरं वाटायचं म्हणून!”

“खोक्यातलं पत्रक?”

“मीच जाळलं,” वाल्देमारने मान खाली घातली. “शिव्या दे, थोबाडीत मार, पण एक कर. कार्डावर ‘हरवली’ लिही. काय फरक पडतो? आवाज काही परत येत नाही. ग्रंथ माझी नातवंडं वाचतील रे.”

सूचीचे नियम पिरिसांनीच घालून दिले होते: ठाऊक नसेल तर ‘हरवली’; ठाऊक असेल तर काय झाले, केव्हा, कोणाच्या सहीने. आजवर त्यांनी एकाही कार्डासाठी नियम मोडला नव्हता. आणि काल दुपारपर्यंत त्यांना वाटत होते की मोडायची वेळ आली तर ती याच माणसासाठी येईल.

सवयीने वाल्देमारने भरलेला तुंबा पुढे केला. पिरिसांनी तो घेतला, नळी खुळखुळेपर्यंत सावकाश ओढला, आणि दोन्ही हातांनी परत दिला.

“आभारी आहे, वाल्देमार.”

वाल्देमारने तुंबा घेतला. पण पुन्हा पाणी ओतले नाही. थर्मासचे झाकण लावले. मग तो निघून गेला.

पिरिसांनी खणातून काळा टाय काढून बांधला. ‘निरोप’चे कार्ड पुढे ओढले. आवाजाच्या रकान्यात नील्दाचे नाव होतेच. फितीच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘पुसली. २ एप्रिल १९७९. सही: वा. एचेनिके.’ शाई वाळू दिली. कार्ड उचलून ते ‘बंद’ कपाटाकडे गेले, योग्य त्या जागी सरकवले, आणि खण लावून घेतला.