उजव्या सोंडेचा अर्धा घुमट

फणसवाडीतली आमची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भर सभेत जाहीर केलं, "प्रवेशद्वारावरचा घुमट आमची मुलगी करेल." मुलगी आर्किटेक्ट आहे, एवढं खरं होतं. मुलीला विचारलं नव्हतं, हेही खरं होतं. वाडीला घुमटाच्या आतून छोटे छोटे गणपती हवे होते, साडीवर बुट्टे असतात तसे.

"एकच काढ आणि सगळीकडे चिकटव," दादा म्हणाले. "कॉम्प्युटरच करतो ना सगळं?"

कॉम्प्युटर डोंबल करतो! सपाट चित्र गोल आकारावर चढवायचं म्हणजे मोदकाची पारी वळण्यासारखं असतं. खाली सगळं ऐसपैस, वर टोकाशी नुसत्या चुण्या. माझे खालच्या रांगेतले गणपती छान गुटगुटीत होते. वर जावं तसे ते उपासाला बसल्यासारखे दिसू लागले आणि टोकाला तर नुसत्या काड्या उरल्या. मग प्रत्येक रांगेत गणपती कमी करत, एकेक हाताने नीट बसवत मी अर्धा घुमट पुरा केला आणि वैतागले. आमच्या धंद्यात सगळेच करतात तेच केलं. तो अर्धा भाग आरशात दिसावा तसा उलटवला आणि दुसऱ्या बाजूला जोडून टाकला.

सभेच्या दिवशी पडद्यावर घुमट फिरू लागला तसे लोक वा वा करू लागले. इस्त्रीचा शर्ट घातलेले दादा पडद्याकडे न बघता लोकांच्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चष्मा सावरला.

"थांबव गं जरा. ह्या बाजूचे डाव्या सोंडेचे. आणि त्या बाजूचे... अगं बाई, ते सगळे उजव्या सोंडेचे!"

सगळे पुढे वाकून सोंडा बघू लागले. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं पाळावं लागतं. आणि आमची निम्मी वाडी रविवारी बाजारातून बोंबील घेऊन थेट पुढच्या दाराने येते.

"मग मच्छी घेऊन आम्ही काय मागच्या दाराने यायचं?" कोणीतरी ओरडलं.

"एवढी शिकली, पण सोंड कळत नाही हिला," काकू म्हणाल्या.

माझे कान तापले. पण मला खरी काळजी दादांची होती. ह्याच लोकांत त्यांचा जन्म गेला, आणि आता माझ्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागणार होती. अर्धा भाग उलटवण्याऐवजी नुसता फिरवून जोडला की भागणार होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर दादाच उभे राहिले.

"चूक नाहीये ती, सोय आहे. मच्छीची पिशवी असेल त्याने डाव्या सोंडेच्या बाजूने यायचं, सोवळं असेल त्याने उजव्या. विचार करून केलंय तिने."

मी कसलाही विचार केलेला नव्हता. सभेने मात्र लगेच सुरू केला. सुकट चालेल का? अंड्यांचं काय? केकमध्ये अंडं असेल तर? मधोमध चालणाऱ्याने काय करायचं? सेक्रेटरीकाका केकसाठी हात वर करायला सांगणार, एवढ्यात मीच किंचाळले, "सगळे डाव्या सोंडेचे करून देते, आता पुरे करा!"

घरी जाताना मी म्हटलं, "दादा, चूकच होती हो ती."

"मला काय कळत नाही? पण चारचौघांत तुला कोणी बोलणार आणि मी ऐकून घेणार होय?"

मी रस्त्याकडे बघत चालत राहिले.

आता इमारत उभी आहे आणि घुमटातले एकूण एक गणपती डाव्या सोंडेचे आहेत. तरीही रविवारी दादा बोंबलांची पिशवी घेऊन डाव्या भिंतीला खेटूनच आत येतात. समोर काकू दिसल्या तर मुद्दाम थांबून सांगतात, "मुलीने सोय करून ठेवलीये."