भाच्याचा धूर, माझा कोंडा

आमच्या नणंदेच्या मुलाइतकं धुळीकडे आणि धुराकडे टक लावून पाहणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात दुसरा झाला नाही. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा. लांजीहून आला आणि माझ्याकडेच, वरच्या खोलीत राहिला. सिनेमातली आग, राख, वादळं कंप्युटरवर तयार करायची, हे त्याचं काम. परसवाड्याची बस गेली की लोक नाकाला रुमाल लावत. हा मागच्या धुळीत उभा राहून ती कशी खाली बसते ते पाही. रामपायलीच्या मंदिरात सगळे रामापुढे हात जोडून, आणि याचं तोंड उदबत्तीकडे. वर पुजाऱ्याला म्हणतो, "महाराज, पंखा बंद करा ना जरा!" माझे मालक गेले तेव्हा चितेपाशी हा शेवटपर्यंत थांबला. लोकांना वाटलं, मामावर केवढी माया. घरी येऊन मला सांगतो, "मामी, मामाचा धूर एकदम सीधा गेला. वाकला नाई." मी म्हटलं, "जितेपणी तं कधी सीधे नाई चालले." सांत्वनाला आलेल्या बायका पदराआड हसल्या.

मागच्या वर्षी हैदराबादच्या एका कंपनीनं त्याला सिनेमातला एक प्रसंग देऊ केला. बाई धान पाखडते आहे आणि वावटळ येते. आठ दिवसांत नमुना पाठवायचा. पसंत पडला तर काम, नाहीतर दुसरं काही हातात नव्हतंच. लाखो कण रंगवून त्यांच्यावर ऊन-सावली टाकणारी दोन सॉफ्टवेअरं त्याच्यापुढे होती. एक चहा उकळेपर्यंत चित्र काढून देई. दुसरं दिवसभर घुरघुरे, आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. याचा कल अर्थातच पहिल्याकडे. पण ताडून पाहायला त्यानं मला सूप देऊन अंगणात उभं केलं आणि मोबाईलवर शूटिंग मांडलं.

"मामी, अजून एक खेप."

"अरे, सुपात काही राह्यलं नाई. आता का माझी हाडं पाखडू?"

मग दोन्ही चित्रं मला दाखवली. "सांग, असली कोणतं वाटते?" मी चौथी शिकलेली, पण कोंड्यात जन्म गेला. पहिलं पाहून म्हटलं, "हा कोंडा भिजेल हाय."

"काहून?"

"ऊन त्याच्यातून आरपार नाई जाऊन राह्यलं. भिंतीवानी उभा हाय. असा कोंडा सुपातून उडतच नाई, बापा."

दुसऱ्या चित्रात ऊन कोंड्यातून गाळून खाली येत होतं. सकाळी अंगणात येतं तसंच. मी पाहतच राहिले. तो माझ्याकडेच पाहत होता. म्हणाला, "बस, समजलं."

वीज चारदा गेली, याचं जेवण सुटलं, पण नमुना वेळेवर पोचला आणि पसंतही पडला. कंपनीनं कळवलं, पूर्ण प्रसंग याच सॉफ्टवेअरवर करा. मात्र त्याला मोठी मशिनं लागतात, अखंड वीज लागते, तेव्हा हैदराबादलाच येऊन बसा. तो गेला.

मी पहिलं चांगलं म्हटलं असतं तर काम गेलं असतं आणि तो घरात राहिला असता. पण भिजलेल्या कोंड्याला कोरडा म्हणणं मला जमत नाही. फोनवर म्हणतो, "मामी, इथं खिडक्या उघडतच नाई वो." मी म्हणते, "मंग बंद ठेव."

वरची खोली भाड्यानं मागायला लोक येतात. धानाची पोती ठेवायला लागते, असं सांगून मी त्यांना परत पाठवते. पोती खालीच आहेत.